वृद्धांना विचारावयाचे प्रश्न

वाङ्मयाच्या अभ्यासकाने समाजशास्त्रीय पाहणीच्या प्रश्नावलीविषयी लिहावे, हे कित्येकांस अधिकाराबाहेरचे वाटेल. नमुना कसा निवडावा, आकडेवारीचे कोष्टक कसे मांडावे, यांविषयी मला काहीही सांगावयाचे नाही. तो माझा विषय नव्हे. परंतु प्रश्नावली ही अखेर एक भाषिक संहिता असते, आणि आपल्या देशात ती बहुधा अनुवादित संहिता असते. कोणीतरी एका भाषेत वाक्य रचलेले असते, दुसऱ्या कोणी ते दुसऱ्या भाषेत आणलेले असते, आणि तिसरा कोणी ते चौथ्याला मोठ्याने वाचून दाखवीत असतो. हा चौथा ऐंशी वर्षांचा असेल, त्याला कमी ऐकू येत असेल आणि त्याची घरची भाषा प्रश्नाच्या भाषेहून निराळी असेल, तर त्या वाक्याचे काय होते, हा प्रश्न निःसंशय आपल्या शास्त्राचा आहे. आपण तो आजवर इतरांवर सोपवून मोकळे झालो आहोत, अशी माझी तक्रार आहे.

या विषयाकडे मी वळले त्याला एक प्रसंग कारण झाला. अभ्यागत प्राध्यापक म्हणून जबलपूरला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात सामाजिक शास्त्राच्या एका विद्यार्थ्याबरोबर मी नेपियर टाउनमधील एका मराठी घरी गेले होते. आजींचे वय ब्याऐंशी. विद्यार्थी मोठा विनयशील. 'माताजी, माताजी' करीत तो छापील हिंदी प्रश्न एकामागून एक वाचीत होता. गेल्या काही दिवसांत जीवन खाली-खाली वाटते काय, असा एक प्रश्न आला. आजींनी माझ्याकडे पाहिले आणि मराठीत म्हणाल्या, "खाली कसलं? पहाटे पाचाला उठते मी. रिकामी बसलेली कोणी पाहिलीय का मला?" विद्यार्थ्याने 'नहीं'वर खूण केली आणि तो पुढच्या प्रश्नाकडे वळला. पाऊण तासाने कागद पिशवीत गेले, चहा आला. तेव्हा आजी मला सहज म्हणाल्या, "धाकटी बहीण होती ना माझी मदन महालला, ती गेली गं. तेव्हापासून मराठीत भांडायला कोणी उरलं नाही." सुना-नातवंडांशी त्या हिंदीत बोलतात, शेजाऱ्यांशीही हिंदीतच. मराठी आता देवघरापुरती. हे वाक्य लिहून घेण्यासाठी त्या कागदावर कोठेही जागा नव्हती.

विद्यार्थ्याचा यात दोष नाही. प्रश्नाच्या मूळ कर्त्यांनी पोकळीची जी प्रतिमा योजली, ती त्यांच्या वाङ्मयपरंपरेत मनाच्या उदासीनतेशी जोडलेली आहे. मराठीत 'रिकामे' या शब्दाचा पहिला अर्थ उद्योग नसलेला असा होतो, आणि 'रिकामपण' हा बायकांच्या बोलण्यात जवळजवळ आरोपच असतो. आजींनी हिंदी शब्द ऐकला, मनात मराठी शब्द उभा राहिला आणि त्यांनी त्या आरोपाचे खंडन केले. दुःखाविषयी त्यांना कोणी विचारलेच नव्हते. अनुवाद तपासण्याची एक सर्वमान्य रीत आहे : अनुवादित वाक्य दुसऱ्याकडून पुन्हा मूळ भाषेत आणवावयाचे आणि दोन्ही ताडून पाहावयाचे. या परीक्षेत वरील वाक्य निर्वेधपणे उत्तीर्ण होईल, कारण 'खाली' या शब्दाचा कोशगत अर्थ जागच्या जागी आहे. जे बदलले, ते त्या शब्दाचे घरातील स्थान. आणि कोशातून कोशात जाणाऱ्या माणसाला ते दिसत नाही.

जबलपूरचे उदाहरण मी मुद्दाम घेते आहे, कारण येथे ही अडचण दुहेरी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. पुढे रेल्वे, १९०४ मध्ये निघालेला तोफगाड्यांचा कारखाना, शाळा आणि कचेऱ्या यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येत राहिली. नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी होती, त्याच प्रांतात जबलपूर होते. आणि त्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर एका राज्यात गेले, जबलपूर दुसऱ्यात राहिले. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी ही मातृभाषा सांगणारे सुमारे १२ लाख होते. त्यांपैकी वृद्धांनी हे स्थित्यंतर घरात बसूनच अनुभवले आहे.

आता अशा वृद्धाला विचारा : 'आपण या राज्यात बाहेरून आलात काय?' जो १९४० मध्ये नागपुरात जन्मला आणि १९५२ मध्ये वडिलांच्या बदलीमुळे जबलपूरला आला, तो त्या वेळी आपल्याच प्रांतातल्या एका गावाहून दुसऱ्या गावी आला होता. आजच्या सीमांप्रमाणे मात्र तो परराज्यातून आलेला ठरतो. तो 'नाही' म्हणाला तर खरे बोलतो आणि 'हो' म्हणाला तरी खरे बोलतो. आपण कागदावर यांपैकी कोणते सत्य उतरवून घेतो आहोत, याचे भान विचारणाऱ्याला नसेल, तर पुढील सर्व कोष्टके शुद्ध गणिताने काढलेली अशुद्ध उत्तरे होत. 'त्या वेळी तुमच्या गावची राजधानी कोणती होती?' असा एक उपप्रश्न पुरे झाला असता. परंतु तो सुचण्यासाठी वृद्धाच्या आयुष्याचा नकाशा ठाऊक हवा.

नकाशाची जी गत, तीच पंचांगाची. प्रश्नावलीला 'गेले तीस दिवस', 'गेले बारा महिने' अशा मुदती फार प्रिय. आपल्याकडील वृद्धांचा काळ एकादशी, चतुर्थी, सणवार आणि पेन्शनचा दिवस यांनी बांधलेला असतो. म्हणून काही जाणते अभ्यासक 'सावनपासून आजवर' अशी मुदत घालतात, आणि ते योग्यच आहे. पण उत्तरेकडील महिना पौर्णिमेला संपतो, तर मराठी घरातला अमावास्येला. हिंदी सावन आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो. मराठी श्रावण त्यानंतर पंधरवड्याने. राखी एकाच दिवशी बांधली जाते, पण शेजारणीचा सावन त्या दिवशी संपतो आणि मराठी बाईचा श्रावण पिठोरी अमावास्येपर्यंत चालू राहतो. जबलपूरच्या कित्येक मराठी घरांच्या भिंतीवर येथेच छापले जाणारे लाला रामस्वरूप पंचांग आणि मुंबईचे 'कालनिर्णय' शेजारी-शेजारी टांगलेले दिसतात. 'गुडघा सावनात दुखू लागला' हे उत्तर कोणत्या भिंतीवरून आले, हे विचारणाऱ्याने विचारून घेतले पाहिजे. येथे पंधरा दिवसांचा फरक आहे, आणि मुदत तीस दिवसांची असली की पंधरा दिवस म्हणजे निम्मी मुदत.

वयाची गोष्ट तर सर्वांना ठाऊकच आहे. आपल्या जनगणनेच्या कोष्टकांत शून्य आणि पाच या अंकांनी संपणाऱ्या वयांपाशी माणसांची गर्दी होते. साठ आणि पासष्ट वर्षांचे पुष्कळ, एकसष्ट-बासष्टचे थोडे. याला अज्ञान म्हणणे उद्धटपणाचे होईल. वय हा आकडा म्हणून जपण्याचे कारण ज्यांना कधी पडले नाही, ते लोक आकड्याच्या मागणीला गोल आकडा देऊन सौजन्याने वाटेला लावतात. त्याच माणसाला घटनेच्या आधाराने विचारले तर उत्तर बिनचूक मिळू शकते. जबलपुरात २२ मे १९९७ च्या पहाटेचा भूकंप कोण विसरेल? 'भूकंप झाला तेव्हा तुम्ही नोकरीत होतात की निवृत्त झाला होतात? थोरला नातू झाला होता का?' वृद्धाची स्मृती कथेच्या गाठींनी चालते, आणि कथेची रचना हा तर आपल्या अभ्यासाचा गाभा.

वाक्यरचनेकडे येऊ. इंग्रजी प्रश्नात क्रियापद लवकर येते आणि अटी मागाहून लागतात. मराठीत क्रियापद शेवटी. त्यामुळे इंग्रजी प्रश्नाचा प्रामाणिक अनुवाद असा होतो : 'गेल्या तीस दिवसांत, प्रकृतीच्या कारणामुळे, दुसऱ्या कोणाचे साहाय्य न घेता, एक मजला जिना चढताना तुम्हांला अडचण आली काय?' अडचणीपर्यंत पोचेतो कमी ऐकणाऱ्या वृद्धाच्या हातून तीस दिवस निसटलेले असतात. आपण गुडघ्यांची पाहणी करीत आहोत अशा समजुतीने स्मृतीची पाहणी करतो. अशा प्रश्नाचे तीन तुकडे करावेत : 'घराला जिना आहे का? एकट्याने चढता का? हल्ली त्रास होतो का?' बोलभाषा नेहमी असेच विचारते.

नकारार्थी प्रश्नांचे दुखणे याहून गुप्त आहे. 'तुम्हांला झोप लागत नाही का?' याला 'हो' असे उत्तर आले तर त्याचा अर्थ बहुधा 'हो, लागत नाही' असा असतो. पण इंग्रजी साच्यात घडलेला तपासनीस त्याची खूण उलट्या रकान्यात करू शकतो. 'एकटं वाटत नाही ना?' हा प्रश्न तर आपल्या भाषेत प्रश्नच नव्हे, ते आश्वासन आहे. त्याला सभ्य माणूस 'नाही, नाही' असेच म्हणतो. दहा प्रश्नांत तीन जरी असे असले, तरी कोणत्याही संगणकाला मागाहून ते सुधारता येणार नाहीत.

पाच पायऱ्यांच्या मापकाचाही विचार व्हावा. अत्युत्तम, फार चांगली, चांगली, बरी, वाईट, अशा क्रमाने प्रकृतीचे माप मागितले जाते. मराठीत 'बरी आहे' हे माप नव्हे, तो शिष्टाचार आहे. प्रकृती अत्युत्तम आहे असे कोणी वृद्ध सहसा म्हणत नाही, कारण दृष्ट लागण्याची भीती श्रद्धेइतकीच सवयीतही असते. वस्तुतः आपल्याकडे एक उत्तम देशी मापक होते. शेतातले पीक किती आणे आले, याचा अंदाज महसूल खाते आणि शेतकरी दोघेही आणेवारीने करीत आले. 'रुपयात किती आणे बरं वाटतं?' असे मी येथील दोन-तीन वृद्धांना विचारून पाहिले. 'बारा आणे, डोळ्यांचे चार गेले,' असे एकाने तत्काळ सांगितले. एवढ्यावरून सिद्धान्त काढता येत नाही, आणि दशमान नाणी १९५७ मध्ये आल्यामुळे हे माप पंचाहत्तरीच्या पुढच्यांनाच आपले वाटेल. तथापि उत्तर देणाऱ्याच्या हातात त्याने आयुष्यात वापरलेली मोजपट्टी दिली तर तो मोजण्यास बसतो, एवढे यातून दिसते.

सर्वांत अवघड आहे तो समाधानाचा प्रश्न. 'आपण आपल्या आयुष्याविषयी समाधानी आहात काय?' हे वाक्य मराठीत अगदी निर्दोष दिसते. परंतु वारकरी परंपरेपासून आजच्या देवघरापर्यंत समाधान ही आपल्याकडे साधावयाची वृत्ती मानली आहे. परिस्थिती कशीही असो, समाधान असावे. मग 'मी असमाधानी आहे' असे म्हणणे हे परिस्थितीचे वर्णन न राहता स्वतःच्या उणेपणाची कबुली होते. त्याचप्रमाणे, पूर्वीचे उद्योग सुटले आहेत काय, घराबाहेर जाणे कमी झाले आहे काय, अशा प्रश्नांचे होकार खिन्नतेच्या खात्यात जमा होतात. ज्या संस्कृतीने उतारवयातील निवृत्तीला आश्रमाचे नाव दिले, तेथे हा होकार कदाचित अभिमानाचा असेल. अर्थात याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. निवृत्तीच्या गौरवामागे कोंडलेपण लपू शकते, आणि 'समाधान आहे' म्हणणारी बाई उपाशीही असू शकते. म्हणून असा प्रश्न गाळावा असे मी म्हणत नाही. तो एकटा विचारू नये. समाधान विचारल्यावर 'कालच्या दिवसात काय-काय झालं, सांगता?' असेही विचारावे. वृत्ती आणि वृत्तान्त यांतील अंतर वाचणे ही साहित्यसमीक्षेची जुनी कामगिरी आहे.

यावर आक्षेप येईल तो तुलनेचा. प्रत्येक भाषेत निराळे प्रश्न विचारू लागलो तर प्रांताप्रांतांची, देशादेशांची तुलना कशी व्हावी? आक्षेप गंभीर आहे. २०१७-१८ मध्ये झालेल्या, वार्धक्याच्या दीर्घकालीन अखिल भारतीय पाहणीत पंचेचाळीस वर्षे व त्यापुढील वयाच्या सुमारे ७२ हजार व्यक्तींना प्रश्न विचारले गेले. इतक्या भाषांच्या देशात सामाईक आधार नसेल तर हाती केवळ ढिगारा येईल. परंतु समानता शब्दांची हवी की कार्याची, याचे उत्तर याच देशात एकदा मिळालेले आहे. वृद्धांची बुद्धी व स्मृती तपासण्यासाठी १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली एक छोटी परीक्षा जगभर वापरली जाते. तीत शंभरातून सात-सात वजा करावयाचे असतात, 'डोळे मिटा' ही लिखित आज्ञा वाचून पाळावयाची असते आणि एक वाक्य लिहावयाचे असते. हरियाणातील बल्लभगढच्या ग्रामीण, बहुतांशी निरक्षर वृद्धांपुढे ती जशीच्या तशी ठेवली असती तर सारे गाव बुद्धिभ्रष्ट ठरले असते. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदी परीक्षेत वजाबाकीच्या जागी आठवड्याचे वार उलट क्रमाने म्हणावयास सांगितले. लिखित आज्ञेऐवजी 'माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा' असे म्हटले. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी एक वाक्य बोलावयास सांगितले. शब्द बदलले, प्रत्येक प्रश्नाचे काम तेच राहिले. याला आपण उत्तम अनुवाद म्हणतो.

बहुभाषिक पाहणीचे याहून जुने उदाहरण तर आपल्याच ग्रंथालयांत आहे. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात, ज्याचा मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला, प्रत्येक बोलीत बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचा अनुवाद मागविला होता. तुलनेसाठी एकच संहिता. परंतु तेथेही भारतीय श्रोत्यांस रुचणार नाही असा तपशील बदलण्याची मुभा ठेवली होती. आणि विशेष म्हणजे, दुसरा नमुना बोलणाऱ्याच्या स्वतःच्या मनचा मागितला होता : एखादी लोककथा, एखादी हकिगत, प्रसंगी कचेरीतली जबानीसुद्धा. एक प्रश्न सर्वांसाठी सारखा आणि दुसरा प्रत्येकाचा स्वतःचा, ही जोडी आजच्या प्रश्नावलीने का सोडावी? माझ्या परिचयाच्या आजींचे वाक्य या दुसऱ्या जागेअभावी हरवले.

उत्तर कसे नोंदवावे, याचाही धडा मराठीत आहे. विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत केलेल्या प्रवासाची हकिगत पाव शतकानंतर लिहिली, ती चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. चांगल्या प्रश्नाला मिळालेले ते एक थोर उत्तर होय. पण १९०७ मध्ये 'माझा प्रवास' प्रसिद्ध झाला, तो विचारणाऱ्याच्या हातचे संस्कार घेऊन. गोडसेभटजींची मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांच्या संपादनातून १९६६ मध्ये वाचकांपुढे आली. तोवर जवळजवळ साठ वर्षे आपण वैद्यांनी सारखा केलेला गोडसे वाचीत होतो. रकान्यात खूण करणारा प्रत्येक तपासनीस हेच करीत असतो, आणि त्याच्या मागे मूळ पोथी उरत नाही. म्हणून निदान काही उत्तरे तरी उच्चारली तशी, हिंदी-मराठी मिसळ न निवडता, उतरवून ठेवावीत.

आणखी एक गोष्ट : उत्तर कोणाच्या समक्ष दिले जाते? सून चहा घेऊन दारात उभी असताना 'जेवण वेळेवर मिळते काय?' असे विचारणे क्रूरपणाचे आहे. उत्तर मिळेल, पण ते सुनेला दिलेले असेल. मुलगाच 'आईला काही कळत नाही, मी सांगतो' म्हणून पुढे येतो, तेव्हा कागदावर आईचे नाव आणि मुलाचे मत अशी विचित्र संहिता तयार होते. आपल्या परंपरेने अवघड प्रश्नाची लाज राखण्याची युक्ती शोधली होती. नवऱ्याचे नाव घेऊ नये असा दंडक असताना ते विचारावयाचे, तर उखाण्याची सोय केली. नाव यमकात लपून बाहेर आले आणि मर्यादाही राहिली. प्रश्नकर्त्यांनी उखाणे रचावेत असे मला म्हणावयाचे नाही. परंतु जे सरळ सांगता येत नाही, त्याला भाषेत कोठून वाट आहे, हे शोधल्याशिवाय तो प्रश्न विचारू नये.

माझे म्हणणे मग इतकेच. वृद्धांसाठीची प्रश्नावली त्यांच्या भाषेत प्रथम रचावी आणि मागाहून इंग्रजीत न्यावी. निदान दोन्ही एकदम रचाव्यात. छापण्यापूर्वी पाच-दहा वृद्धांना प्रत्येक प्रश्न ऐकवून 'मी काय विचारलं, ते तुमच्या शब्दांत सांगा' असे म्हणावे. परदेशांत ही रीत १९८० च्या दशकापासून रूढ आहे, आणि आपल्या पाठशाळांत तर तिला अन्वय लावणे म्हणत. शेवटी एक जागा मोकळी ठेवावी. आणि प्रत्येक विद्यापीठात, जेथे अशी पाहणी निघते तेथे, भाषा-विभागातील एक माणूस त्या टेबलाशी बसलेला असावा. त्याला बोलावणार नाहीत. त्याने आपण होऊन जावे.

१९५६ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. ज्या प्रांतात मराठी आणि हिंदी दोन्ही दरबारी होत्या, त्याची आठवण एवढ्याच पिढीकडे आहे. त्या नेपियर टाउनच्या आजींकडे मी त्यानंतर दोनदा गेले, कागदाविना. दुसऱ्या खेपेला त्यांनी माझ्या मराठीतील एका शब्दावरून मला चांगलेच फैलावर घेतले. मी वाद घातला. त्या प्रसन्न दिसल्या.